गौराक्काचे निकाल

गौराक्काला भीती वाटायची, आणि ती तसं सांगायची. भिणारी माणसं मी आयुष्यभर पाहत आले आहे. आमच्या कचेरीत तर शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येक जण कुणाला ना कुणाला भिऊन असतो. पण तोंडानं कबूल करणारं माणूस मी एकच पाहिलं.

पहिल्यांदा ती मला कचेरीच्या जिन्यावर भेटली. कठड्याला धरून उभी होती. ठेंगणी, काळीसावळी, साठी ओलांडलेली. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर विटकी इरकल, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. मी वर निघाले होते. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाली, "तंगी, मला लई भ्या वाटतंय. जरा माझ्यासंगं वर चल की."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. माझं माहेर अक्कलकोटचं, शाळेची पहिली दोन वर्षंही कानडीतच गेलेली. सोलापुरात, त्यातून कचेरीत, मला तंगी म्हणणारं कुणी नव्हतं. मी तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता, आणि दिवस होते मे महिन्याचे.

कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. माझ्याकडे म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनाचं टेबल होतं. जन्मभर गायलेल्या, वाजवलेल्या, नाचलेल्या माणसांनी उतारवयात अर्ज करायचा. सोबत फोटो, प्रशस्तिपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं जोडायची. मग एका दिवशी समितीसमोर उभं राहून कला दाखवायची. समिती दहा मिनिटांत ठरवणार, हा माणूस कलावंत आहे की नाही, आणि असला तर कुठल्या दर्जाचा. त्या वर्षी समितीत एक तरी प्रत्यक्ष कलावंत हवा असं वरून आलं. डफ-तुणतुण्यावर सवाल-जवाब करत कानडीतून गीगी पदं म्हणणारी गौराबाई कुणीतरी सुचवली. ती अर्ज करायला आली नव्हती. ती निकाल द्यायला आली होती.

"मला न्हाय जमायचं ह्ये," ती जिना चढता चढता म्हणाली. "निकालाचं लई भ्या हाय मला."

तिची पद्धत मला हळूहळू कळली. कुठलंही काम करायच्या आधी 'भ्या वाटतंय' असं मोठ्यानं म्हणायचं आणि मग ते काम करायचं. लिफ्टमध्ये शिरताना, साहेबांच्या केबिनचं दार ढकलताना, मोबाईल वाजला की तो उचलताना. सुरुवातीला आम्ही हसायचो. शिपाई तिची नक्कलही करायचा. पुढे माझ्या लक्षात आलं की ती म्हणायची आणि करायची. आम्ही म्हणत नव्हतो आणि करतही नव्हतो.

निकालाच्या भीतीमागची गोष्ट तिनं मला एकदा डबा खाताना सांगितली. तिच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची, आणि ती माझ्या पोळीशेजारी न विचारता ठेवून द्यायची.

ती विशीत असताना सीमेपलीकडच्या एका जत्रेत पदांचा सामना झाला होता. एका बाजूला हिची पार्टी, दुसऱ्या बाजूला जत्रेच्याच गावची. रात्रभर सवाल-जवाब चालले. सकाळी परीक्षक मास्तरांनी गौराक्काच्या पार्टीला पहिला नंबर दिला. बक्षीस म्हणून तांब्याची घागर. हे लोक घागर घेऊन टेम्पोत बसले, आणि वेशीपाशी दगड सुरू झाले. तिचा थोरला भाऊ शिवलिंगप्पा डफ वाजवायचा. त्याचा उजवा डोळा त्या सकाळी गेला.

"आणि मास्तर?" मी विचारलं.

"मास्तर निकाल सांगून मागच्या दारानं गेला की." ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "निकाल देणारा जातोय, तंगी. ज्याला लागला त्यो तितंच राहतोय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती नुसती माहिती देत होती. पण खाताना मध्येच थांबून ती दाराकडे बघायची, तसं त्या दिवशी तिनं दोनदा बघितलं.

पहिल्याच बैठकीत जे घडलं ते ती आणि मी, दोघीही विसरू शकलो नाही.

मंगळवेढ्याकडचे भानुदास तात्या नावाचे गृहस्थ आले होते. उंच, वाकलेले, धुतलेलं धोतर. अर्जात लिहिलं होतं, 'शाहिरी, पन्नास वर्षे'. समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते. वाईट नव्हते, पण त्यांना रक्तदाबाचा त्रास होता आणि सगळं लवकर उरकायचं असायचं. ते म्हणाले, "म्हणा काहीतरी."

तात्यांनी डोळे मिटले. एक हात कानाशी नेला आणि लांब 'जी जी रं जी' असा सूर लावला. थांबले. पुन्हा तोच सूर, जरा वरच्या पट्टीत. पुन्हा थांबले.

"पुढे?" अध्यक्षांनी विचारलं.

"एवढंच हाय माझं," तात्या म्हणाले.

कुणीतरी हसलं. आणखी एकानं हसू दाबलं. फोटो नव्हते, कात्रण नव्हतं. गौराक्का माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. तो तिचा पहिला दिवस होता. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तिचीही झाली. ती कानडीत सही करायची, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत. आठ दिवसांनी मी नेहमीच्या नमुन्यातलं पत्र टाईप करून धाडलं.

महिन्याभरानं ती बैठक नसताना कचेरीत आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "तंगी, त्यो माणूस झील धरणारा हुता."

मला कळलं नाही.

"म्होरक्या गातोय, आणि मागं उभा राहून त्याचा सूर उचलून धरतोय त्यो झीलकरी. म्होरक्या दमला की त्याला वर धरणारा. त्याचं एकट्याचं गाणं नसतंय बाई. म्होरक्याच न्हाय तर त्यो काय उचलंल? मला ठाव हुतं. तितंच ठाव हुतं मला. भ्याले म्हणून गप बसले."

आम्ही दोघी एका रविवारी एसटीनं मंगळवेढ्याला गेलो. तिथून पुढे रिक्षा, मग पायी. दोन्ही बाजूला ज्वारी काढून नेलेली काळी रानं. तात्या ओट्यावर बसले होते. सुनेनं पाणी दिलं. गौराक्का त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "तात्या, चुकी माझी हाय. तुमी परत अर्ज करा. ह्या वेळंला म्होरं मी गाते, तुमी मागनं धरा."

तात्या आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मीच टाईप केलेलं पत्र. 'सदर व्यक्ती कलावंत नसल्याचे समितीच्या निदर्शनास आल्याने अर्ज अपात्र ठरविण्यात येत आहे.'

"पोरानं वाचून दाखवलं," तात्या म्हणाले. "मग गावात समद्यांनी वाचलं. गुरुवारचं भजन असतंय, तिथं पन्नास वर्सं मागं उभा राहतोय मी. आता गेलो की एखादा म्हणतोय, तात्या, तुमी कलावंत न्हाय, सरकारनं लिवून दिलंय. चेष्टाच करत्यात, वाईट मनानं न्हाय. पर माझं तोंड उघडंना झालंय बघा. सूर लावायला गेलो की वाटतंय, खरंच न्हवतंच की काय माझ्याजवळ कायबी."

गौराक्कानं तिथंच बसल्या बसल्या एक ओळ धरली. म्हाताऱ्याचे ओठ हलले. मानेची शीर ताठ झाली. सूर आला नाही. ते उठले आणि घराच्या मागच्या बाजूला निघून गेले. अर्ध्या तासानं सून म्हणाली, "ते न्हाय यायचे आता. तुमी जावा."

येताना एसटीत मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि हिशेब करत होते की तसली पत्रं मी आजवर किती पाठवली असतील. तो नमुना माझ्या आधीच्या बाईंनी तयार केला होता, त्यांच्या आधीच्या कुणीतरी त्यांना दिला होता. कुणीच त्यात काही बदललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य खोडून 'कागदपत्रांची पूर्तता न झाल्याने' असं केलं. साहेबांना न विचारता. आठवडाभर मला झोप नीट लागली नाही, कुणाच्या लक्षात येईल म्हणून. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तात्या परत आले नाहीत. मी दोन वेळा अर्जाचा कोरा नमुना पोस्टानं पाठवला.

त्यानंतर मात्र समितीसमोर आलेल्या कुणालाही गौराक्कानं एकट्याला उभं केलं नाही. टेबलाला वळसा घालून ती त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभी राहायची. "मला बी भ्या वाटतंय, तुमाला बी वाटतंय. दोघं मिळून म्हणू की." गोंधळी असो, भारुडवाला असो, ती त्याच्या सुरुवातीच्या ओळी त्याच्याकडून विचारून घ्यायची आणि स्वतः उचलायची. दहा मिनिटांचा पाऊण तास व्हायचा. अध्यक्ष घड्याळ बघायचे. थरथरणारी माणसं तिसऱ्या ओळीपर्यंत सरळ उभी राहायची. कुणाला वरचा दर्जा, कुणाला खालचा, हे मात्र तिला कधीच ठरवता आलं नाही. तो रकाना ती कोरा सोडायची. "गातोय का न्हाय, एवढंच मला कळतंय. किती गातोय ते मापायला मी काय मापारी हाय का?"

मग नानांची यादी आली.

नाना म्हणजे एक ठेकेदार. त्यांच्या माणसांच्या तोंडी नुसतं 'नाना' असायचं आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. निवडणुका जवळ आल्या होत्या. एकाच भागातले त्रेचाळीस अर्ज एकाच दिवशी, एकाच अक्षरात भरलेले आले. मुलाखतीला त्रेचाळीस जण जीपगाड्यांतून उतरले. डोक्याला सारखे कोरे फेटे. सगळे म्हणे भजनी. काहींच्या टाळांवर नवी पेठेतल्या दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.

गौराक्का नेहमीप्रमाणे उठली, एकेकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. गावोगाव म्हणतात ती साधी भजनं धरली. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्यानं आरती म्हणतो म्हणून सुरुवात केली आणि दुसऱ्या कडव्यात अडकला, तेव्हा बाकीचेच हसले. त्रेचाळिसांत एक खरा निघाला, म्हातारा सनईवाला. यादी खरी वाटावी म्हणून त्याला घातलं असणार. त्यानं फुंकर मारली आणि खोलीतला पंख्याचा आवाज ऐकू येईनासा झाला.

एकापाशी ती बराच वेळ थांबली. त्याच्या पायात चप्पल नव्हती. त्याला एक ओळ येत नव्हती. तो तिच्या कानाशी पुटपुटला, "आक्का, घरात कायबी न्हाय वो. घ्या की पदरात." ती खुर्चीकडे परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मला म्हणाली, "ह्यो खरंच गरीब हाय, तंगी. पर गरिबीचं टेबल दुसरं असंल की?"

"खालच्या मजल्यावर आहे," मी म्हणाले. तिनं त्याचा हात धरून त्याला खाली नेलं. तिथल्या बाबूनं त्याला अर्ज दिला, पुढचं मला माहीत नाही.

त्रेचाळिसांपैकी एक पात्र, असा तिचा शेरा लागला. बाकीच्या सभासदांनी रकाने मोकळे ठेवले आणि 'नंतर सही करतो' म्हणून गेले. गुणपत्रक माझ्या कपाटात आलं.

दोन दिवसांनी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. अतिशय सभ्य. सोफ्याच्या कडेवर बसला. पाणी प्यायला. म्हणाला, "ताई, तुमच्या ऋतुजाचं कौतुक ऐकलं. हुशार आहे म्हणतात. क्लासवरून एकटीच येते ना स्कूटीवर? ट्रॅफिक फार वाढलंय हो आपल्याकडं. काळजी वाटते."

ऋतुजा म्हणजे माझी लेक. मी काही विचारलं नाही, त्यानं काही मागितलं नाही. जाताना दारात म्हणाला, "ती यादी कुणी अडवली एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं. नानांना माणसं ओळखायला आवडतात."

दुसऱ्या दिवशी मी गुणपत्रकाचा फोटो काढला आणि त्यानं ठेवलेल्या नंबरावर पाठवला. हे मी इथं पहिल्यांदाच लिहिते आहे. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पेढे मी कचराकुंडीत टाकले, जसं काही त्यानं काही फरक पडणार होता.

पुढच्या सोमवारी गौराक्का आली. खांद्यावरच्या पिशवीतून तिनं डफ काढून माझ्या टेबलावर ठेवला. कातडं मधोमध, एका रेषेत, ब्लेडनं चिरलेलं होतं. "बाजारला गेले हुते. दाराला कुलूप तसंच हुतं बघ. कुलूप लावलेलंच हुतं." ती तेवढंच परत परत म्हणत होती. मग म्हणाली, "त्यास्नी कसं कळलं, मी लिवलंय म्हणून?"

मी फायली लावत होते. लावतच राहिले.

दुपारी साहेबांनी समितीला बोलावलं. टेबलावर नवीन गुणपत्रक होतं. त्रेचाळीस नावं, प्रत्येकापुढे 'पात्र' टाईप केलेलं, आणि शेजारी सभासदांच्या छोट्या सहीसाठी चौकोन. साहेब म्हणाले, "मागच्या पत्रकात तांत्रिक चूक होती. प्रत्येक नावापुढे सही करा आणि मोकळे व्हा." अध्यक्षांनी गोळी घेतली आणि सह्या केल्या. बाकीच्यांनी केल्या. कागद गौराक्कापुढे आला.

"साहेब, मला लई भ्या वाटतंय," ती म्हणाली.

"भ्यायचं काय त्यात? सहीच तर करायची आहे."

"व्हय," ती म्हणाली, आणि पेन उचललं.

तिला फार वेळ लागला. कानडीत, कोरल्यासारखं, एकेका नावापुढे दोन-दोन अक्षरं. मी साहेबांच्या खुर्चीमागे फायली घेऊन उभी होते, तिथून कागद सरळ दिसत होता. ती सही करत नव्हती. ती लिहीत होती, 'इल्ल'. कानडीत इल्ल म्हणजे नाही. पुढच्या नावापुढे, इल्ल. त्याच्या पुढच्या, इल्ल. सनईवाल्याच्या नावापुढे तिनं 'हौदु', म्हणजे होय, लिहिलं आणि पुन्हा खाली इल्ल, इल्ल, इल्ल. शेवटी पानाच्या तळाशी पूर्ण सही. कागद सरकवताना तिनं वर पाहिलं. तिची माझी नजर मिळाली. मला कानडी वाचता येतं हे तिला ठाऊक होतं.

साहेबांनी कागद घेतला, वरून खालपर्यंत पाहिला. "झकास," ते म्हणाले, आणि फाईल माझ्याकडे दिली. "आजच वर पाठवा."

मी पाठवली. रजिस्टरला नोंद करून, त्याच दिवशी.

वरच्या कचेरीत इंडीकडचा, म्हणजे कानडी मुलखातला, एक कारकून होता. त्यानं वाचलं, आणि हसत हसत शेजाऱ्याला दाखवलं म्हणे. मग कुणाला हसू येईना. चौकशी लागली, यादी त्या वर्षापुरती थांबली. एकट्या सनईवाल्याचं काम झालं. साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. "तुमचं माहेर अक्कलकोट ना? कानडी येतं तुम्हाला?"

"बोलता येतं साहेब," मी म्हणाले. "वाचता नाही येत."

त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. तेव्हापासून ऋतुजाला क्लासवरून आणायला मी स्वतः जाऊ लागले. फाटकापाशी उभी राहून प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडे बघायची.

मला वाटलं होतं, आता गौराक्काच्या घरावर दगड येतील. आली ती निमंत्रणपत्रिका. नानांच्या प्रतिष्ठानातर्फे तिला मोठा सन्मान जाहीर झाला होता: शाल, श्रीफळ, मानपत्र. पाठोपाठ आमच्या कचेरीचं पत्र निघालं, की सन्मानित कलावंतास समितीच्या कामाचा त्रास देऊ नये, म्हणून त्यांना मुक्त करण्यात येत आहे. तेही मीच टाईप केलं.

"जाऊ नकोस, अक्का," मी फोनवर म्हणाले.

"न्हाय गेले तर ते घरी येतील देयाला. तितं चार लोक तरी असत्यात."

समारंभ सकाळी होता. सभागृह भरलेलं. नानांनी स्वतः तिच्या खांद्यावर शाल घातली. मानपत्र वाचलं गेलं. त्यात ती लोककलेची गंगोत्री होती, आणखी बरंच काही होती. मग निवेदकानं तिच्यापुढे माईक धरला. दोन शब्द बोला म्हणाला.

"मला भ्या वाटतंय," ती म्हणाली. लोक प्रेमानं हसले. "तरी इचारते. हितं बसलेल्यांपैकी माझं गाणं कुणी ऐकलंय? हात वर करा की."

सभागृहात कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघू लागले. मागचे शेजाऱ्याकडे. मी सातव्या रांगेत होते. मी तिला कितीदा ऐकलं होतं. खोलीतल्या त्या टेबलाला वळसा घालून, थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शेजारी उभं राहून तिनं उचललेल्या सगळ्या ओळी मी ऐकल्या होत्या. माझा हात मांडीवरून उचलला गेला, खांद्यापर्यंत आला. स्टेजच्या पायरीवर पेढे घेऊन आलेला तो पांढऱ्या शर्टातला माणूस उभा होता. त्यानं नुसती मान वळवली. मी कपाळावरचे केस सारखे केले आणि हात खाली घेतला.

"कुणीच न्हाय," गौराक्का म्हणाली. "मग ह्ये कशाबद्दल दिलं वो?" तिनं खांद्यावरची शाल काढली, नीट चौघडी केली आणि नानांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. एकानं वाजवल्या, तो लगेच थांबला. नाना हसत होते. ते हसणं अजून माझ्या डोळ्यांपुढे येतं.

मी तिला रिक्षानं स्टँडवर नेलं. रस्ताभर तिचे दात वाजत होते. दुपारचे दोन वाजले होते आणि रस्त्यावरून वाफा निघत होत्या. फलाटावर बाकड्यावर बसल्यावर तिनं माझा हात हातात घेतला.

"तू हात वर केला न्हाईस त्ये बरं केलंस," ती म्हणाली. "तुला लेक हाय."

"अक्का, त्या गुणपत्रकाचा फोटो..." मी कशीबशी सुरुवात केली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तू फायली लावत हुतीस ना, तवाच कळलं."

पुढच्या वर्षी नवी समिती आली आणि ते बेचाळीसही जण कलावंत झाले. गौराक्का तोवर लेकीकडे विजापूरला राहायला गेली होती. तिकडून दोन-तीनदा फोन आला. बोलणं कमीच व्हायचं. मी टेबल बदलून मागितलं, मिळालं. पण मला ती आठवते ती त्या दुपारची, फलाटावरची.

तिच्या गावावरून जाणारी अक्कलकोटची गाडी लागली. ती चढली, पुढच्या बाजूला खिडकीशी बसली. मी खाली उभी. गाडी सुटायच्या बेतात होती तेव्हा मला मागच्या बाकावर तोच माणूस दिसला. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाजवळ काहीतरी असतं. मी धावत जाऊन तिच्या खिडकीचे गज धरले. "अक्का, उतर. मागं तो माणूस बसलाय. पुढच्या गाडीनं जा."

"चढतानाच दिसला मला," ती म्हणाली. "म्होरच्या गाडीत बी कुणीतरी असंलच की."

कंडक्टरनं घंटी मारली. ती उठली. मला वाटलं, उतरते आहे. पण ती बाकांच्या मधून, दांड्यांना धरत धरत, मागे निघाली. गाडी हलली तशी एकदा तोल गेला, सावरली. शेवटच्या बाकापाशी गेली आणि त्याला म्हणाली असावी, सरक. कारण तो सरकला. ती त्याच्या शेजारी बसली.

संध्याकाळी तिचा फोन आला, पोचले म्हणून. वाटेत काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला दिसलं ते एवढंच: गाडी फाटकाकडे वळताना मागच्या धुळकट काचेतून त्या दोघांची डोकी, एक पांढऱ्या केसांचं, एक काळ्या. ती त्याच्याकडे तोंड करून काहीतरी बोलत होती, आणि तो खाली मान घालून ऐकत होता.